हळू आवाजाचा सराव

शेलूबाजारच्या जीपस्टँडसमोर माझं झेरॉक्सचं दुकान आहे. तिथे एक मॅडम नेहमी येत. जिल्हा परिषदेच्या शाळेत, पत्र्याखालच्या एकाच खोलीत दोन वर्ग सांभाळून त्यांचा आवाज असा काही खणखणीत झाला होता, की त्यांनी "भाऊ, दोन कॉप्या" म्हटलं की रस्त्यापलीकडचा जीपवालाही मान वळवायचा.

परदेशातल्या शाळांत मराठी शिकवायला त्यांनी अर्ज केला होता. कागदपत्रं मंजूर झाली. राहिला होता मोबाईलवरून द्यायचा नमुना पाठ. सूचनांमधल्या एकाच ओळीखाली त्यांनी तीनदा रेघ मारली होती: मुलांशी हळू आवाजात बोला.

मग रोज शाळा सुटली की त्या माझ्यासमोर बसून सराव करायच्या. "हा आंबा," हळूच सुरू व्हायचं आणि तिसऱ्या वाक्याला वर्ग भरल्यासारखा आवाज चढायचा. मग स्वतःच दचकून तोंडाला पदर लावायच्या.

"तिकडची लेकरं मले भेतीन, भाऊ. मंग मले काढून टाकतीन."

"काहून भेतीन? इथली भेतात काय?"

"इथल्यांले मी कोन हाये ते माहीत हाये."

निकालाचा मेल त्यांनी मलाच वाचायला लावला. पास! दोन महिन्यांत निघायचं होतं. मी अभिनंदन केलं, तर त्यांनी काउंटरची कड घट्ट धरली आणि काहीतरी पुटपुटल्या.

"काय म्हनता, मॅडम?" मी पुढे वाकलो.

"तिथं मले कोन ओळखीन, भाऊ?"

इतका हळू आवाज त्यांना सरावात एकदाही जमला नव्हता.