अंगठ्याखालचा कोपरा

घासाघीस न करणाऱ्या माणसाची मला भीती वाटते. त्याला एकतर गरज फार असते, नाहीतर मुदत थोडी. तुंगार्लीत मी स्वतःच्या भट्टीच्या विटांनी बांधलेल्या घरातल्या दोन खोल्या बघायला साहेब आले, तेव्हा भाडं मी मुद्दाम चढवून सांगितलं. ते नुसतं "ठीक आहे" म्हणाले. माझा सगळा दिवस वाईट गेला.

साहेब क्वेसारांचा अभ्यास करत. क्वेसार म्हणजे इतकी लांबची दिवटी, की तिचा उजेड निघाला तेव्हा आपले हे डोंगरही नव्हते. तिचे क्ष-किरण हवा खाली पोचू देत नाही, म्हणून परदेशात कुणी यंत्रं हवेच्या वर, अवकाशात सोडली होती. त्यांनी मोजलेल्या आकड्यांचे गठ्ठे साहेबांकडे येत. जोरकस किरण किती, मवाळ किती, हे ते निवडत बसत.

"कुठले किरण कमी पडले ते बघायचं, शेठ. त्यावरून वाटेत काय आडवं आलं ते कळतं."

"म्हणजे जकात नाकाच की," मी म्हणालो. ते हसले आणि खोकले. हसले की खोकायचेच. "झालंय कधीच, दिसतंय आज," हे त्यांचं नेहमीचं वाक्य. "हवा आमची वैरीण," असंही म्हणत, आणि सकाळी तळ्यावर जाऊन तीच हवा छातीत भरून घेत.

आमच्याकडे एक्स-रेला फोटो म्हणतात. साहेब क्ष-किरणांचे, म्हणून ते 'फोटोवाले साहेब' झाले. एकदा कुसगावच्या वरच्या वाडीतली एक ठाकरीण नवऱ्याला घेऊन दारात उभी राहिली. "सायेब, ह्येंच्या छातीचा फोटू काडा. लय खोकत्यात."

"मावशी, माझ्याकडे फोटो निघत नाही. नुसते आकडे येतात."

"मंग फोटूवालं कशापायी म्हनत्यात तुमाला?"

साहेब ओशाळले. माझ्या ट्रकमधून त्या दोघांना स्वतः दवाखान्यात घेऊन गेले. तिथे मी म्हणालो, "आलोच आहोत, तर तुमचाही काढून घ्या." ते म्हणाले, "माझं काय, लोणावळ्याचं धुकं आहे."

मग एका सकाळी तळ्यावर मी सौदा टाकला. तुम्ही छातीचा फोटो काढा, मी तंबाखू सोडतो. त्यांनी हात पुढे केला. "आधी तुम्ही सोडा." मी डबी तिथल्या तिथे तळ्यात फेकली. महिना गेला, दोन गेले, ते काही जाईनात. मी चिडायचो, दारात उभा राहून ओरडायचो. दरवेळी उत्तर एकच, "माझी बाजू बुडणार नाही, शेठ."

एका दुपारी अचानक आत शिरलो, तर साहेब खिडकीपाशी काळी फिल्म उजेडावर धरून उभे. काळोखात पांढरट फासळ्यांसारखे पट्टे आणि एका बाजूला ढगुळलेला गोळा. कोपऱ्यावर त्यांनी अंगठा दाबून धरला होता.

"हा कुठला तारा?"

"हा जवळचा आहे," ते म्हणाले आणि फिल्म कागदांखाली सरकवली.

व्यापाऱ्याच्या नुसत्या पापणीवरून मी खोट ओळखतो. 'माझ्याकडे फोटो निघत नाही' हे मी माझ्या कानांनी ऐकलं होतं. तरी त्या दिवशी मान डोलावून बाहेर आलो.

पाऊस सरता सरता त्यांचा भाऊ त्यांना पुण्याला घेऊन गेला. गाडीत बसताना साहेबांनी मला नमस्कार केला. थोड्याच दिवसांत भावाचं कार्ड आलं. साहेब गेले होते, त्यांचे कागद पाठवून द्यायचे होते. गठ्ठे बांधताना ती फिल्म हाताला लागली. अंगठ्याखालच्या कोपऱ्यात त्यांचं नाव होतं, आणि तारीख. माझ्या खोल्या बघायला आले, त्याच्या आधीची.

म्हणजे आम्ही हातावर हात मारला, तेव्हा त्यांची बाजू पुरी झालेलीच होती. असं मला आजवर कुणी फसवलं नव्हतं. राग अजून गेलेला नाही. तंबाखूला मात्र मी पुन्हा हात लावलेला नाही.