राखाडी समुद्र

पावसाळ्यात होड्या वाळूवर ओढून झावळ्यांनी झाकल्या, की आमचा किनारा ओका होतो. माझी बरीच चित्रं याच दिवसांतली. त्यांतल्या समुद्राच्या रंगांचं कौतुक झालं आणि ते मी एकट्याने घेतलं. खरं तर मला पाणी नुसतं राखाडी दिसायचं. मागच्या दारी मासे साफ करता करता बायको म्हणायची, "अहो, डोळे आहेत की कवड्या? वांग्याच्या सालीसारखं दिसतंय बघा!" मी मुकाट्याने जांभळा कालवायचो.

ती गेल्यानंतरचा हा पहिला आषाढ. कुंपणापलीकडचे तात्या माझं नवं, सगळं राखाडी चित्र बराच वेळ बघत राहिले. मग म्हणाले, "वहिनी असत्या तर ओरडल्या असत्या हो."

म्हणजे ते रंग कुणाचे, हे त्यांनाही ठाऊक होतं. तिला मात्र मी कधीच सांगितलं नाही.