अडतिसाव्या प्रश्नाच्या पुढे

आज वर्षातला कितवा रविवार आहे, हे मला कॅलेंडर न बघता सांगता येतं. ही विद्या आईची. तिचे वडील तिकडं तेलुगू मुलखात मिशनच्या दवाखान्यात कंपाउंडर होते. त्यांनी तिच्याकडून लहानपणीच ख्रिस्ती धर्मशिक्षणाची हायडेलबर्गची प्रश्नोत्तरं पाठ करून घेतली होती. चारशे वर्षांपूर्वी जर्मनीत कुणीतरी ती बावन्न रविवारांत वाटून ठेवली, म्हणून आईचं वर्ष दर वेळी एकाच प्रश्नानं सुरू होई : जगताना आणि मरताना तुझा आधार कोणता? उत्तराची सुरुवात अशी की मी माझी स्वतःची नाही, प्रभूची आहे. नान्ना, म्हणजे तिचे वडील, शेवटच्या दुखण्यात असताना आईनं त्यांना हा प्रश्न विचारला. त्यांना अर्धंच उत्तर देता आलं. उरलेलं अर्धं तिनं म्हटलं.

लग्न होऊन ती आली ती खटकचिंचोळीपासून दोन कोसांवरच्या आमच्या गावात. बाबा तिथे मास्तर होते आणि आमची तीस-पस्तीस घरांची ख्रिस्ती मंडळी वेस्टमिन्स्टरची कबुली आणि तिची प्रश्नोत्तरं मानणारी होती. वेस्टमिन्स्टर काय, हायडेलबर्ग काय, दोन्ही रिफॉर्म्ड पंथाच्या एकाच घराण्यातल्या, चुलत बहिणी म्हणा. चुलत बहिणींचं कसं असतं ते मी सांगायला नको.

आमच्याकडे प्रभुभोजन वर्षातून चार वेळा. त्याच्या आदल्या आठवड्यात मंडळीनं निवडलेले 'वडील', म्हणजे पंच, घरोघर फिरत, प्रश्न विचारत, आणि उत्तरं बरोबर आली तर शिशाची एक चकती हातावर ठेवत. चार आण्याएवढी, दाभणानं क्रूस कोरलेली. रविवारी ती चकती परत दिल्याशिवाय भाकर मिळत नसे. ही रीत स्कॉटलंडची. स्कॉटलंडात ती बंद पडून जमाना झाला होता, पण हे कळवायला आमच्यापर्यंत कुणी आलं नाही.

आमच्या गल्लीकडे येणारे वडील धनगराच्या घरातले. बापजाद्यांनी मेंढरं राखली, हे ज्वारी-तूर करत. आम्ही त्यांना अण्णा म्हणत असू. अक्षरओळख नव्हती. मंडळीच्या जुन्या पाळकांनी, म्हणजे धर्मगुरूंनी, अडतीस प्रश्नोत्तरं तोंडी शिकवली होती, तेवढी काना-मात्रेसकट पाठ. पाळक वारले, आणि मंडळीची परीक्षा कायमची अडतिसाव्यावर थांबली.

आई आली त्या वर्षी अण्णांनी तिला पहिला प्रश्न विचारला : माणूस कशासाठी आहे? आईनं नान्नांचं उत्तर दिलं.

"ह्ये न्हाई, अक्का," अण्णा म्हणाले. "म्या दुसरंच इचारलाव."

"तुमचं उत्तर येतं मला, अण्णा. देवाचं गौरव करायचं आणि त्याच्यात आनंद मानायचा. चांगलं आहे. पण मला आधी माझा प्रश्न विचारा."

"आमच्यात त्यो प्रश्न न्हाई."

"मग राहू दे."

असं अकरा वर्षं चाललं. बाबा आधी समजावत, मग चिडत, शेवटी शाळेच्या वह्या तपासायला घेत. "एक वाक्य म्हणायला काय जातं तुझं?" असं ते एकदा म्हणाले. आई म्हणाली, "नान्नांनी ज्यावर डोळे मिटले ते यांच्या लेखी चूकच. ते चूक, यावर मी सही कशी करू?" अण्णांनाही चकती न देता जाणं आवडत नसावं, कारण आमच्या घरी ते चहाला थांबत नसत. पण नियम म्हणजे नियम, आणि नियम पाळणाऱ्याला तो वाचता येत नसेल तर तो फारच कडक पाळला जातो.

प्रभुभोजनाच्या रविवारी आई दाराजवळच्या शेवटच्या सतरंजीवर बसे, मी तिच्या शेजारी. भाकरीचं ताट आमच्या रांगेजवळ आलं की ती माझ्या वेणीची रिबन सोडी आणि पुन्हा बांधी. ताट पुढे जाईपर्यंत बांधत राही. वर्षातून चार दिवस माझी वेणी इतकी घट्ट असे की भुवया वर ओढल्या जात. आज मला त्या दुखण्याची जितकी आठवण येते तितकी कुठल्याही सुखाची येत नाही.

म्हैसूर राज्याचं कर्नाटक व्हायला दोन-तीन वर्षं असताना शहरातल्या एका समितीचा कागद आला. लहान मंडळ्या मिळून एक मोठी मंडळी होणार होती. कागदावर प्रश्न : आपली मंडळी कोणती ऐतिहासिक विश्वासाची कबुली मानते? खाली वेस्टमिन्स्टर, हायडेलबर्ग, बेल्जिक, डॉर्ट. एकावर खूण करा.

आमच्या ओसरीवर बैठक बसली. आई आत भाकरी थापत होती.

"मास्तर, डॉर्ट म्हंजे?"

"गाव आहे. हॉलंडात. तिथे मोठी बैठक झाली होती."

"किती दिस?"

"सहा महिने."

"सा म्हैने! रानात कामं न्हवती काय त्यांला?"

"आन् त्यांच्या गावचं आपून कामून मानावं? त्ये मानतेत काय आपल्या बैठकीचं?"

"आधी आपलं काय त्ये तर बघा," अण्णा म्हणाले. "वही काढा."

वही म्हणजे जुन्या पाळकांच्या हातची प्रत. ती कापडात बांधून पेटीत असे. तिला मान फार, त्यामुळे उघडत कुणी नसे. बाबांनी वाचायला सुरुवात केली. अण्णा ओठ हलवत बरोबर म्हणत होते. अडतिसाव्याला ते थांबले. बाबा, कधी नव्हे ते, पान उलटून पुढे गेले.

पुढच्या पानावर पाळकांनी बारीक अक्षरात लिहिलं होतं की छापील पुस्तकाचा इथून पुढचा भाग वाळवीनं खाल्ला, म्हणून बाकीचं दुसऱ्या पुस्तकातून घेतलं आहे. त्याखाली पुन्हा एकचा आकडा घालून आईचा प्रश्न होता. जगताना आणि मरताना तुझा आधार कोणता?

आत भाकरीचा आवाज थांबला. सगळ्या समित्यांच्या आधी वाळवीनं दोन्ही मंडळ्या एक करून टाकल्या होत्या.

अण्णांनी बाबांना उत्तर दोनदा वाचायला लावलं. मग पटका डोक्यावर ठेवला आणि निघून गेले. बाबांनी कागदावर दोन ठिकाणी खूण केली. तो "कृपया एकच" असा शेरा घेऊन परत आला, तेव्हा बाबांनी त्याचा उपयोग शाळेच्या फुटक्या तावदानाला केला. मोठी मंडळी त्यावाचूनही झाली.

प्रभुभोजनाच्या आधीच्या आठवड्यात अण्णा दुपारी आले.

"अक्का, इचारू का?"

"विचारा."

त्यांनी आईचा प्रश्न विचारला. तो त्यांनी कुणाकडून तरी पाठ करून घेतला होता, पण मध्येच अडखळले. आईनं सांगितलं नाही, वाट पाहिली. मग उत्तर दिलं, आधी तेलुगूत, मग मराठीत. अण्णांनी चकती ठेवली आणि म्हणाले, "अकरा वर्सं झाली की गं." आईनं चहा टाकला. ते बसले.

रविवारी शहरातून नवे पाळक आले, लांब झग्यात, सोबत फोटो काढणारा. त्यांनी पंधरा मिनिटं एकतेवर भाषण केलं आणि सांगितलं की चकत्या वगैरे जुन्या गोष्टी आजपासून बंद. प्रभुभोजनाचं मेज सर्वांना खुलं आहे. ज्यांनी चकत्या आणल्या होत्या त्यांनी त्या खिशात टाकल्या.

ताट आमच्या रांगेत आलं. आईनं तळहात उघडला. पाळकांना ते शिसं काय आहे ते कळेना. दान असेल असं समजून त्यांनी दारातल्या पेटीकडे बोट दाखवलं. आईनं हात तसाच ठेवला. भाकर घेईना.

तेव्हा पुढच्या रांगेतून अण्णा उठले. चकत्या बंद झाल्यावर आता ते वडील वगैरे कुणी नव्हते. फोटोवाल्याला ओलांडून ते मागे आले, वाकले आणि जुन्या पद्धतीनं ओंजळ पुढे केली. आईनं चकती त्यांच्या ओंजळीत ठेवली. मग भाकर घेतली.

माझी रिबन त्या दिवशी सैलच राहिली. अर्ध्या वाटेत सुटून पडली, आणि घरी पोचेपर्यंत आईच्या ते लक्षात आलं नाही.