आर्डेल गॅस्किन्सचा उजवा हात

आर्डेल गॅस्किन्स ही बाई आमचा उत्सव बंद पाडायला आली होती, आणि त्यापायी वीस वर्षं त्याच्या दारात उभी राहिली. आता ती तिकडे फिरकत नाही. तिचा भाऊ रॉस्को जाऊन आठ महिने झाले.

पहिल्या वर्षी उत्सव वगैरे काही नव्हता. ब्रुकलिनमध्ये टायरच्या दुकानामागे एक मोकळी जागा, त्यात आम्ही चौघं वाजवणारे आणि ऐकायला चाळीसेक माणसं. रॉस्को गिटार वाजवायचा. मी बास गिटार वाजवायचो, म्हणजे हातात धरायचो. काळ्या माणसानं पंक रॉकसारखं कर्कश काही वाजवलं, की गोरे म्हणायचे, "हे तुमचं काम नाही," आणि आपले म्हणायचे, "हा गोरा व्हायला निघाला." दोन्ही दारांतून हाकललेले लोक टायरच्या दुकानामागे जमले. कुणाचे केस निळे, कुणाच्या जाकिटाला खिळे, आणि अंधार पडायच्या आत घरी यायचं असं प्रत्येकाला आईनं बजावलेलं. शेजाऱ्यानं तक्रार केली. पोलिसानं तक्रारीच्या कागदावर फक्त 'गोंगाट' एवढं लिहिलं. रॉस्कोनं तोच शब्द भिंतीवर रंगवला. झालं बारसं.

आर्डेल त्या दिवशी चर्चमधून थेट आली. पांढरा गणवेश, पांढरे बूट, पांढरे हातमोजे. आई वारली तेव्हा रॉस्को नऊ वर्षांचा होता. हिनंच त्याला वाढवलं. तो चौतीस वर्षांचा झाला, लिफ्ट दुरुस्तीच्या नोकरीत मुकादम झाला, तरी ही त्याला कानाला धरून घरी नेऊ शकेल असं सगळ्यांना वाटायचं. सगळ्यांत जास्त रॉस्कोला.

"रॉस्को! बंद कर ते. त्या दुकानातलं कुत्रं रडतंय."

"आर्डी, ते गातंय. आमच्यात घेतलंय त्याला."

"मग ते तुझ्यापेक्षा बरं गातंय. चल घरी, कोंबडी थंड होतेय."

पण तेवढ्यात तिचं लक्ष दाराकडे गेलं. चाळीस माणसं, आणि सगळी दारात कोंबलेली. पुढे जागा रिकामी. आर्डेल आमच्या बॅप्टिस्ट चर्चमधल्या अशरांची, म्हणजे माणसांना जागेवर नेऊन बसवणाऱ्यांची, प्रमुख होती. दारातली गर्दी तिला सहन होत नसे, जशी काहींना भिंतीवरची वाकडी तसबीर होत नाही. प्रवचन चालू असताना बोलायचं नसतं म्हणून हे सगळं काम हातांच्या खुणांनी चालतं. दोन बोटं छातीशी धरली म्हणजे पुढे दोन जागा आहेत. तळवा खाली म्हणजे प्रार्थना चालू आहे, थांबा. आणि डावा हात पाठीशी, उजवा हात सरळ वर, तळवा उघडा, म्हणजे कुणीतरी कोसळलंय, वाट करा. त्या खुणेला चर्चमधली नर्स पंखा घेऊन धावते. पुठ्ठ्याच्या त्या पंख्यावर मयताचं सामान पुरवणाऱ्या दुकानाची जाहिरात असते, म्हणजे वारा पुरला नाही तर पुढची सोय पेशंटला झोपल्या झोपल्या वाचता येते.

आर्डेलनं दोन बोटं छातीशी धरली. आणि निळ्या केसांची, नाकात वाळी घातलेली ती सगळी पोरं मुकाट्यानं पुढे सरकली. जाणार कुठे? सगळीच चर्चच्या बाकांवर वाढलेली. देव सुटला असेल काहींचा, अशर सुटत नाही.

दुसऱ्या वर्षी तिनं कोंबडी डबा भरून इकडेच आणली. तिला आमचं संगीत कधीच आवडलं नाही. "लिफ्ट पडल्यासारखं वाजवतोस," ती रॉस्कोला म्हणायची, "आणि ती दुरुस्तही तूच करतोस." पण दर वर्षी दारात ती. सहाव्या वर्षी एका मुलीला उन्हात चक्कर आली. आर्डेलचा हात वर गेला आणि पाचशे माणसांत मधोमध वाट पडली, भांग पाडल्यासारखी.

मग उत्सव वाढला. वाढला म्हणजे काय सांगू, आधी बागेत गेला, मग बागेला कुंपण आलं, कुंपणाला दार आलं आणि दाराला तिकीट आलं. चित्रकार आले, कपडे शिवणारे आले, पॅरिसहून आणि जोहान्सबर्गहून विमानं भरून लोक आले. मोठ्या मंचाला एका सरबताचं नाव मिळालं. खोटं का बोलू, जगभरातली हाकललेली काळी पोरं एका जागी हसताना बघून मी पहिल्यांदा एका झाडामागे जाऊन रडून आलो होतो. पण दरवाज्यावर पिवळ्या शर्टांची माणसं आली आणि आर्डेलच्या गळ्यात एक कार्ड आलं: 'सन्माननीय पाहुणी'.

"म्हणजे मी काय करायचं?" तिनं विचारलं.

"काही नाही, मॅम. मजा करायची."

इतका अपमान तिचा कुणी केला नव्हता. ती गणवेशात येतच राहिली. तरुण मुली तिचे फोटो काढायच्या. एकदा एक म्हणाली, "मिस, कसला भारी पोशाख! कुणी डिझाइन केला?"

"बॅप्टिस्टांनी," आर्डेल म्हणाली.

गेल्या वर्षी आमच्या बँडला बोलावणं आलं. अकरा वर्षांनी. लहान मंच, दुपारी चार वाजता, एकच गाणं. तोवर रॉस्कोच्या किडन्या गेल्या होत्या. आठवड्यातून तीनदा डायलिसिस, हातापायांच्या काड्या. डॉक्टर नको म्हणाले. आर्डेल नको म्हणाली.

"एकच गाणं गं, आर्डी. तीन मिनिटं."

"तुला तीन मिनिटं धड उभं राहता येतं का? काल मोजा घालताना बसलास तो उठेचना."

"बसून वाजवणार नाही. खुर्चीवर बसून पंक वाजवतात का?"

शेवटी ती म्हणाली, "मी खाली उभी राहीन. तुझा रंग उतरला की हात वर करीन. मग जे कोण येतील त्यांच्याबरोबर गुमान जायचं. कबूल?"

"कबूल, मॅम."

आम्ही वाजवायला लागलो तेव्हा समोर तीन हजार माणसं होती. पहिलं मिनिट रॉस्कोनं असं वाजवलं की मी बास वाजवायचं विसरलो. कुणाच्या लक्षात आलं नाही. दुसऱ्या मिनिटाला त्याच्या ओठांचा रंग राखेसारखा झाला. मी खाली पाहिलं. आर्डेलनं ते माझ्या आधीच पाहिलं होतं. डावा हात पाठीशी, उजवा सरळ वर, तळवा उघडा.

आणि तीन हजार लोकांनी हात वर केले.

त्यांना वाटलं, हा गाण्याचा भाग आहे. पांढऱ्या गणवेशातली म्हातारी हात वर करते, आपणही करायचा. डावे हात पाठीशी, उजवे वर, अगदी तिच्यासारखे. लोक आनंदानं ओरडत होते. आर्डेल मान हलवून नाही, नाही म्हणत होती. त्यांनी मानाही हलवल्या. रॉस्को गुडघ्यांवर आला तेव्हा टाळ्या पडल्या. मी बास टाकून त्याला धरलं तेव्हा आणखी पडल्या. मी माइकमध्ये ओरडलो, पण आमच्या संगीतात ओरडण्याला कोण मनावर घेतो? पिवळे शर्ट स्ट्रेचर घेऊन पोचायला अकरा मिनिटं लागली. वाट कुठे होती?

चौथ्या दिवशी सकाळी इस्पितळात रॉस्को गेला. शुद्धीवर आलाच नाही.

फेब्रुवारीत उत्सवाच्या कचेरीतली एक मुलगी आर्डेलकडे आली. यंदाच्या भित्तिपत्रकावर त्यांना एक फोटो हवा होता: पुढे आर्डेल, हात वर, मागे तीन हजार हात. मुलीला काहीच माहीत नव्हतं. मी तिथंच होतो, मी सांगितलं तेव्हा ती खुर्चीत बसून रडायला लागली, आणि आर्डेलनंच तिला पाणी दिलं.

"वापरू नका," आर्डेल म्हणाली. "पण मला एक मोठा करून द्या."

तो फोटो स्वयंपाकघरातल्या टेबलावर पसरून ती तीन दिवस भिंग घेऊन बसली होती. तिसऱ्या दिवशी मला फोन केला. मी गेलो. तिनं उजव्या कोपऱ्यात बोट ठेवलं. तिथं एक पन्नाशीची बाई होती, केस पिकलेले. तिचा हात वर नव्हता. तिनं मंचाकडे पाठ केली होती, दोन्ही कोपरं बाहेर काढली होती, आणि ती माणसांना बाजूला ढकलत होती.

"हिला कळलं होतं," आर्डेल म्हणाली. "ही वाट करतेय."

"हो, सिस्टर आर्डेल."

"ही कुठल्या चर्चची?"

मला ठाऊक नव्हतं. ती इथल्याच फ्लॅटबुशची असेल किंवा दूर अटलांटाची. आली असेल विमानानं आणि गेली असेल. पण दर रविवारी मी गाडी काढतो. आर्डेल फोटो गुंडाळून मांडीवर घेते. आतापर्यंत सात चर्च झाली. प्रत्येक ठिकाणी दारात पांढऱ्या हातमोज्यांच्या दोन-तीन बायका असतात, सत्तरीच्या पुढच्या. त्या फोटोवर वाकतात, चष्मा सारखा करतात, त्या बाईकडे बराच वेळ बघतात आणि नाही म्हणतात. मग त्या विचारतात, ही पुढे हात वर करून उभी आहे ती कोण, आणि तिच्या मदतीला कुणी आलं का.