चोरबाव

पाणंदवाडी म्हणजे गडहिंग्लजच्या अलीकडं चाळीस उंबऱ्यांचं गाव. वर खडकाळ माळ, खाली उन्हाळ्यात आटणारा ओढा, नि मधे गोडं पाणी एकच, अमीन मणेराच्या बावीचं. ती त्यानं स्वतःच्या तुकड्यात, स्वतःच्या पहारीनं खणली होती. प्लेगाच्या साली सगळं गाव माळावर झोपड्या घालून राहिलं आणि अमीन तिथंच प्लेगानं गेला. त्याची बायको रोशनबी गावात परतली, तर बावीवर हंबीरराव पाटलाच्या नावाचा दगड बसलेला. बाव आमच्या आज्याची, असं पाटील म्हणाला. गावानं माना खाली घातल्या.

रोशनबी भांडली नाही. तिनं डूख धरला.

घरोघर काकणं भरणं हा तिचा धंदा. राणी झाली तरी मणेरणीच्या हातात तिला हात द्यावाच लागतो. बाईचा हात मुठीत आला, की रोशनबी सहज विचारायची, पाणी कुठल्या बावीचं भरतेस? पाटलाच्या, असं बाई म्हणाली रे म्हणाली, की रोशनबीचा अंगठा दाबला जायचा आणि काकण कडकन वाढायचं; फुटलं असं म्हणायचं नसतं. सुवासिनीच्या काळजात धस्स व्हायचं.

"त्या बावीला ते नाव सोसत न्हाय बघ," रोशनबी म्हणायची. "चोरबाव म्हण."

बाई म्हणायची, नि दुसरं काकण अलगद मनगटावर चढायचं. पाटलाच्या झुंबरबाईची तर एका बैठकीत तीन वाढली. पाटलीण झाली म्हणून काय, कुंकवाचा धनी तिलाही हवाच होता. ती सुनांना चोरबावीचं पाणी आणायला सांगू लागली. पाटील आधी खवळला, मग त्याच्या कानाला सवय झाली, आणि पुढं तर त्याला ते ऐकूच येईना.

सोळा वर्षं अशी गेली. शाहू महाराजांच्या राज्यात तेव्हा गावाची माहिती टिपायला एक कारकून आला. ओढे, माळ, देवळं, जुन्या हकिकती सगळं लिहायचं, आणि नाव लोकांच्या तोंडी असेल तेच घालायचं, असा त्याला हुकूम होता. पाटलानं चावडीत अख्खं गाव गोळा केलं आणि आज्याला बाव इनाम कशी मिळाली ते रंगवून सांगितलं. खांबाला टेकलेल्या रोशनबीला थुंकावंसं वाटत होतं.

मग बावीचं नाव काय लिहू, असं कारकुनानं विचारलं. तेवढ्यात बाहेर त्याचं घोडं खिंकाळलं. पाहुणचारात कमी पडायला नको म्हणून पाटलानं आधी गड्याला हाक मारली.

"पिराजी, सायबांचं घोडं चोरबावीवर ने की. पानी दाव त्याला."

कारकुनाची लेखणी चालली. पाटील खोडा म्हणून अजिजीला आला, तर कारकून म्हणाला, "नाव तुमच्याच तोंडचं आहे, पाटील." हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते असं. रोशनबी त्या दिवशी पोटभर जेवली.

पुढच्या सणाला ती काकणं भरायला पाटलाच्या सोप्यात बसली. झुंबरबाईनं हात पुढं केला नि हळूच विचारलं, "अमीनची बाव, असं का म्हणायला लावलं न्हाईस गं? आता कागदावर त्याचं नाव कुठंच न्हाय."

रोशनबीचा हात थबकला. सोळा वर्षांत हे तिच्या मनातच आलं नव्हतं.

"त्याचं नाव मला पाठ हाय, वैनी," ती म्हणाली. "तुमच्या मालकाचं गावाला पाठ पायजे."

आणि काकण चढवायला गेली, तर ते वाढलं. या खेपेला तिनं दाबलं नव्हतं.