समोरचा डंक

खोटं कशाला बोलू, मी तिच्यावर जळत होते. आमच्या पेठेत मी मिरची कांडायचा डंक टाकला आणि आठच दिवसांत समोरच्या बाईनंही टाकला. उन्हाळ्यात अख्खं कोल्हापूर वर्षाची चटणी करून घेतं, म्हणजे आमचा धंदा जेमतेम तीन महिन्यांचा. तेवढ्यात गिऱ्हाईक जोडलं तर जोडलं, नाहीतर मशीनवर धूळ.

म्हणून मी आधी वही घेऊन बसले होते. काय आधी, काय नंतर, सगळं लिहून काढलेलं. पहिला बोर्ड, मग रंग, मग छापील पिशव्या, मग मोबाईलवर पेज.

नवरा वहीत डोकावून म्हणाला, "आणि बायका बसणार कुठं?"

"बघू की पुढं. आधी नाव तर होऊ दे!"

आमच्याकडं चटणी कुणाच्या हातावर सोडत नाहीत. घरची बाई मिरच्या घेऊन येते आणि तिखट डब्यात भरेपर्यंत डंकाशेजारून हलत नाही. मला हे काय नवीन होतं? तरी ते वहीत आलं नाही.

समोरचीचं बघाल तर पत्र्याचं शेड. बोर्ड नाही, दारावर खडूनं लिहिलेलं. आत दोन लांब बाक, पाण्याचा माठ आणि हाताची आग झाली तर लावायला खोबरेल तेलाची वाटी. एवढ्यावर बाईकडं रांग! माझा बोर्ड एवढा झकास, पण त्याखाली दिवसाला चार-पाच बायका. त्यांच्या मिरच्या कांडताना माझी नजर रस्त्यापलीकडं. तिच्याकडं पिशव्या किती उतरल्या, कोण हसलं, कशाला हसलं. त्या नादात एकदा एकीच्या चटणीत मी दुसऱ्यांदा मीठ ओतलं. तिनं भर रस्त्यात माझी जी आरती ओवाळली, ती समोरच्या बाकांवर सगळ्यांनी ऐकली. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं, आणि राग आला तो समोरचीचाच.

अशात माझी आई हातकणंगल्याहून मिरच्यांची पिशवी घेऊन आली. आईच्या गळ्यात माळ. कांदा-लसूण तिला चालत नाही. डंकात एका बाईची लसणाची चटणी चाललेली आणि मी बाहेर बोर्डाचा फोटो काढत होते.

"आई, थांब जरा, आत्ताच ऊन बरं पडलंय. तुझं काय, घरचंच. हिच्या मागनं घालूया."

आई पायरीवर टेकली. फोटो झाला, तो पेजवर टाकला, आणखी एक गिऱ्हाईक आलं, त्याचंही घातलं. मान वर केली तर पायरी रिकामी.

आई समोर बाकावर बसलेली. आणि ती बाई, एवढी रांग असताना, डंक थांबवून धूत होती. पुसला, मूठभर धणे फिरवून टाकून दिले, मग आईला म्हणाली, "आजी, हुंगून बघा. लसणाचा वास येतोय का?" थांबलेल्या बायकांतली एकही कुरकुरली नाही.

मी हातातलं काम तसंच टाकलं. तरातरा रस्ता ओलांडला.

"आई, लेकीचा डंक असताना तू हितं?"

आईनं मिरच्यांवरची नजरसुद्धा काढली नाही. "तुझ्याकडंच आलतो की आधी. लसणाच्या डंकात माझी मिरची घालणार हुतीस. धुवायचं न्हाई सुचलं तुला?"

सगळ्या बायका माझ्याकडं बघायला लागल्या. समोरची गडबडली. "तुमची आई व्हय? खरंच म्हाईत न्हवतं हो ताई. बसा की." तिनं बाकावरची टोपली उचलून मला जागा करून दिली. तिनं चार शब्द सुनावले असते तर बरं झालं असतं.

मी बसले. त्या बाकावरून माझं दुकान मी पहिल्यांदाच बघितलं. बोर्ड खरंच देखणा होता. त्याच्या खाली डंक, आणि डंकाशेजारी बसायला एकच खुर्ची. माझी.