पोपटी धाग्याची ओळ

रुक्मिणीबाईचा दिवस पहाटे पावणेचारला सुरू व्हायचा. गजराची गरज नव्हती. पाणी भरायचं, नवऱ्याचा आणि आपला डबा करायचा आणि सव्वापाचला तळवड्याच्या चौकात कंपनीच्या बससाठी उभं राहायचं. चाकणच्या त्या कंपनीत ती गाड्यांच्या वायरींचे जुडगे बांधायची. वायरी रंगाप्रमाणे लावायच्या, वर टेप गुंडाळायची, टेपला सुरकुती पडली तर उकलून पुन्हा गुंडाळायची. बारा वर्षं ती कंत्राटावर होती. बारा वर्षांत तिचं काम दोनदाच परत आलं होतं, आणि ते दोन्ही दिवस तिला तारखेसह आठवत होते.

बसमध्ये बाकीच्या बाया झोपायच्या. ही पिशवीतून क्रोशाची सुई काढायची. इंद्रायणीच्या पुलापर्यंत दोन ओळी, निघोज्यापर्यंत चार. परतताना ट्रक आडवे उभे राहिले की आठ-नऊसुद्धा व्हायच्या. साखळी आणि खांब हे टाके तिला आईनं परभणीकडं माहेरीच शिकवले होते. तोरणं, ताटावरचे रुमाल, असलं काहीबाही ती करायची. त्यात ईर्षा नव्हती. ईर्षा आली अडीच वर्षांपूर्वी, मे महिन्यात.

तिचा नवरा नवनाथ टेम्पो चालवायचा. त्याचे थोरले भाऊ साहेबराव मोठ्या कंपनीत कायम होते, निगडीला त्यांचा फ्लॅट होता. दोन घरांत अंतर पाच किलोमीटरचं, पण थोरली जाऊ प्रभावती ते दुसऱ्याच मापानं मोजायची. त्या मे महिन्यात प्रभावतीच्या लेकीचं, योगिनीचं, पहिलं बाळंतपण माहेरी झालं. मुलगा झाला. बारशाला माहेरचा बाळंतविडा मांडायचा होता. कुंची, टोपडं, मोजे, दुपटं, सगळं ताटात लावून सासरच्या बायकांपुढं ठेवायचं. रुक्मिणीबाईनं तीन महिने बसमध्ये बसून दुपटं विणलं होतं. पोपटी रंगाचं, चकचकीत, गुबगुबीत. आठवडी बाजारात ज्या लडीला सगळ्यांत जास्त चमक होती ती तिनं घेतली होती.

योगिनीच्या सासूबाईंनी दुपटं हातात घेतलं. "कुणी केलंय?"

प्रभावतीचा चेहरा बदलला. "थांबा हं, विहीणबाई," म्हणत तिनं काठाचा एक धागा ओढून तोडला आणि निरांजनावर धरला. धागा जळला नाही. आक्रसला, वितळला आणि त्याची काळी टणक गोळी झाली. घाणेरडा वास सुटला.

"बघा. प्लास्टिक आहे. आमच्या धाकट्या जाऊबाईंची हौस. लेकराच्या अंगाला मी हे लावायची नाही."

मागून कुणीतरी म्हणालं, "वायरी बांधतात ना त्या, वायरच विणून आणली!"

बायका हसल्या. रुक्मिणीबाईही हसली. पुढं कित्येक दिवस तिला तेच जास्त टोचलं, आपण हसलो ते.

दिवाळीत ती निगडीला गेली. पाय धुवायला उठली तर बाथरूमच्या दाराशी पोपटी दुपटं चार घड्या करून टाकलेलं. पायपुसणं. ती त्यावरून पाय न टाकता बाहेर आली. निघताना कुणी बघत नसताना तिनं ते ओलंच उचललं आणि पिशवीत घातलं. प्रभावतीला ते गेल्याचं कळलंही नसेल. कळलं असेल तर दुसरं काही टाकलं असेल.

जाऊ खोटं बोलली असती तर हिचा राग दोन दिवसांत उतरला असता. पण ती खरं बोलली होती. धागा खरंच वितळला होता. खरं बोलून केलेल्या अपमानाला उत्तर द्यायचं तर आधी त्या धाग्याची माहिती हवी, एवढं रुक्मिणीबाईला कळलं.

चाकणच्या कंपन्यांना सुट्टी गुरुवारी. पुढच्याच गुरुवारी ती चिंचवडात सुमनताईंच्या लोकरीच्या दुकानात गेली आणि धुतलेलं दुपटं काउंटरवर ठेवलं. सुमनताई पासष्टीच्या, चष्म्यावरून बघणाऱ्या. त्यांनी दुपटं उलटं केलं, काठ चिमटीत धरून ओढला.

"हात सफाईचा आहे. धागा हलका. आणि वीण दगडासारखी घट्ट. हे लेकराला घालायचं होतं की टेबलावर?"

"चांगला धागा कसा ओळखायचा ते सांगा."

"नुसतं सांगायला मला वेळ नाही, बाई."

"दर गुरुवारी येते. लडी सोडवून गुंडे करून देते. सांगा."

पहिल्या गुरुवारी तिनं वीस लडींचे वीस गुंडे केले. सगळे सारखे, एकावर एक रचून ठेवलेले. सुमनताईंनी एक उचलून दाबला आणि तिच्याकडं परत टाकला. "ही वायर नाही. एवढा ताणून गुंडाळलास तर धागा ताणलेलाच राहतो. विणलं, धुतलं, की कापड आक्रसतं. सगळे सोड."

तिनं वीसच्या वीस सोडले. पुन्हा केले, पुन्हा घट्ट झाले. बारा वर्षं टेप ओढून गुंडाळलेला हात होता तो. सुपरवायझर म्हणायचा, जुडगा असा बांधा की नख आत जाता कामा नये. आता सुमनताई म्हणत होत्या, दोन बोटं आत गेली पाहिजेत. हात सैल व्हायला चार महिने लागले. त्यातही एक अडचण होती. जाऊ आठवली की टाका आपोआप आवळायचा. आवळलेली ओळ तिला बोटाला कळायची. मग ती ओळ उसवायची, दम खायची आणि पुन्हा विणायची. सूड घ्यायचा तर विणताना राग बाजूला ठेवावा लागतो, ही गोष्ट तिला कुणी सांगितली नव्हती. उसवून उसवून कळली.

बाकीचंही ती शिकली. धागा हातावर नाही, गळ्यापाशी घासून बघायचा, टोचतो की नाही ते तिथं कळतं. उन्हाळ्यातल्या बाळाला सूत, थंडीतल्या बाळाला मेंढीची मऊ लोकर. सगळ्या लडी एकाच लॉटच्या घ्यायच्या, नाहीतर निम्मं दुपटं उन्हात वेगळं दिसतं. आधी चार बोटांचा चौकोन विणून धुवायचा, मग माप धरायचं. आणि जाळून बघायचं. सूत कागदासारखं जळतं. खऱ्या लोकरीला जळक्या केसाचा वास येतो आणि राख चिमटीत विस्कटते. तिनं घरी गॅसवर इतके धागे जाळले की नवनाथ वैतागला.

"कुणाची चिता पेटवायलीस रोज?"

"तुमच्या वहिनीची."

पुढं सुमनताई तिला दुकानाची कामं देऊ लागल्या. ऑर्डर दुकानाच्या नावावर, हात हिचा.

गेल्या नोव्हेंबरात, एका गुरुवारी, ती दुकानाच्या मागच्या खोलीत लडी लावत होती. पडद्यापलीकडून ओळखीचा आवाज आला. योगिनीला दुसऱ्यांदा दिवस गेले होते, जानेवारीत बाळ यायचं होतं.

"बाळंतविडा हवाय, पूर्ण," प्रभावती सांगत होती. "शुद्ध लोकरीचा. विहीणबाई फार बारीक बघतात. घरगुती नको हं. आमच्यात आहे एक विणणारी, ती प्लास्टिक विणते."

सुमनताईंनी माप लिहून घेतलं. प्रभावती गेल्यावर पडदा बाजूला केला.

"ओळखीच्या वाटतं?"

"जाऊ आहे."

"दुसरीला देऊ का काम?"

"नको. मीच करते."

"रुक्मिणी, माझ्या दुकानाचं नाव आहे त्यावर."

"नावाला बट्टा लागायचा नाही."

पण बट्टा लावायचा विचार तिनं केला, आणि एकदा नाही, तीन दिवस केला. क्रोशाच्या कामात शेवटचा धागा सुईनं तीनदा दिशा बदलून विणीत लपवायचा असतो. एकदाच फिरवला तर वरून काही दिसत नाही. पहिल्या धुण्यात टोक सुटतं, कुणी ओढलं की सगळं भराभरा उसवतं. विहीणबाईंच्याच हातात उसवलं असतं. बसमध्ये डोळे मिटून ती ते चित्र बघायची आणि तिला बरं वाटायचं.

तिसऱ्या दिवशी निघोज्याच्या चौकात बस अडकली असताना तिनं विचार पुरा केला. उसवलं तर जाऊ म्हणणार, दुकानाचं काम हलकं. हलकं काम करणारी आपण, म्हणजे जाऊच खरी ठरणार, दुसऱ्यांदा. शिवाय तिच्या हाताला ते जमणारही नव्हतं. तिनं प्रत्येक टोक तीनदा फिरवलं. दोन ठिकाणी चारदा.

दुपटं सायीच्या रंगाचं झालं. काठाला शिंपल्यांची नक्षी. एका कोपऱ्यात मात्र तिनं काठ दुमडला आणि दुमडीच्या आत, अंगाला लागणार नाही अशी, चार बोटांची एकच ओळ घातली. जुन्या दुपट्यातून उसवलेल्या पोपटी धाग्याची. वरून तीन बारीक टाके.

"हे काय?" सुमनताईंनी विचारलं.

"सही."

सुमनताईंनी कोपऱ्यावरून बोट फिरवलं. मग दुपट्याची घडी घातली.

जानेवारीच्या शेवटी निगडीच्या फ्लॅटवरच बारसं झालं. मुलगी होती. चाळीसेक बायका, मधे पाळणा, ताटात बाळंतविडा. विहीणबाईंनी दुपटं गालाला लावलं. दुकानातून दुरुस्तीसाठी दिलेला धागा प्रभावतीनं जपून ठेवला होता. तो तिनं सगळ्यांदेखत निरांजनावर धरला. जळक्या केसाचा वास आला. राख चिमटीत विस्कटून तिनं तळहात फिरवून दाखवला.

"शुद्ध. पुण्याच्या कुणी मोठ्या बाई करतात, नाव आहे त्यांचं." मग बाळाच्या अंगावर दुपटं घालताना तिची नजर रुक्मिणीबाईकडं गेली. "हात लावून बघ गं, रुक्मिणी. याला म्हणतात काम. आणि तू काय बांधून आणलंस? या वेळी हातचं नाही वाटतं?"

रुक्मिणीबाईच्या मांडीवर खाकी कागदाचं पुडकं होतं. "हातचं पाळण्यात आहे, जाऊबाई."

"म्हणजे?"

"डावा कोपरा उलटा. दुमडीचे तीन टाके आहेत, ते काढा. बाकी काही उसवायचं नाही. ओढून बघा हवं तर."

प्रभावती हलली नाही. विहीणबाईंनीच चष्मा लावला आणि नखानं टाके काढले. दुमड उघडली. पोपटी ओळ चकचकत बाहेर आली.

"हा रंग..." विहीणबाई म्हणाल्या. "मागच्या बारशाला तुम्ही जाळून दाखवला होता तो ना हा?"

"काकी, हे तुम्ही केलंत?" योगिनीनं विचारलं.

"हो. चिंचवडच्या दुकानात विचार. वायरी बांधून, बसमध्ये बसून केलंय."

"आणि ते मागचं दुपटं कुठं गेलं मग?" विहीणबाईंनी विचारलं.

"ते जाऊबाईंना ठाऊक. माझ्या हाती लागलं तेव्हा बाथरूमच्या दाराशी होतं. पाय पुसायला."

कुणी हसलं नाही. प्रभावतीनं रिकामं ताट उचललं आणि परत खाली ठेवलं.

"अगं, पण आधी सांगायचंस ना, रुक्मिणी. आपल्या घरातलं..."

"आधी सांगितलं असतं तर घेतलं असतंत?"

प्रभावतीनं योगिनीकडं पाहिलं. योगिनी पाळण्यात बघत होती.

रुक्मिणीबाई जेवायला थांबली. दोनदा वाढून घेतलं. मग हात धुवायला गेली तेव्हा पुडकं बरोबर नेलं. बाथरूमच्या दाराशी तिनं कागद सोडला. आत काथ्याचं पायपुसणं होतं, जाड, बाजारातलं, यंत्रावर विणलेलं. ते तिनं उंबऱ्याशी नीट सरळ अंथरलं, त्यावर दोन्ही पाय पुसले आणि कुणाचा निरोप न घेता जिना उतरली.

खाली नवनाथ टेम्पोत वाट बघत होता. "दिलंस का काही लेकीच्या लेकीला?"

"लेकीला दुपटं दिलं," ती म्हणाली. "आणि त्याच्या मजुरीतून जाऊबाईंना पायपुसणं."